पाहून नको, वाचून सांग

मी त्या शाळेत रुजू झालो त्या दिवशी तायडे बाईंनी एका पोराच्या हातातलं पुस्तक उलटं करून दिलं होतं.

पोराचं नाव ओम. दुसऱ्या गावच्या शाळेतून आमच्याकडे दुसरीत आलेला. पोरगं किती छान वाचतं ते दाखवायला त्याची आई दारातच उभी होती. ओमनं धडा वाचला. कुठे अडखळला नाही, स्वल्पविरामाला थांबला, प्रश्नचिन्हाला आवाज चढवला. बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, पुस्तक त्याच्या हातातून अलगद घेतलं, उलटं केलं आणि परत दिलं.

"पुन्हा एक डाव वाच, बेटा."

ओम पुन्हा वाचू लागला. तसाच, न अडखळता. चित्रातलं झाड शेंडा खाली करून उभं होतं आणि पोरगं त्याच्याकडे बघत धडा म्हणत होतं.

आईच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं. बाई तिला म्हणाल्या, "याले पाठ येते, वाचता येत नाही. पन त्याले रागावू नको. त्याले कोनी सांगितलंच नाही का या दोन गोष्टी येगळ्या हाये."

ओमच्या आधीच्या शाळेत त्याचा वाचतानाचा व्हिडिओ काढून वर पाठवला होता, असं नंतर कळलं. त्या व्हिडिओत तो अगदी अस्खलित वाचत होता म्हणे.

आमची शाळा मेडशीहून आत जाणाऱ्या रस्त्याच्या शेवटी. दोन खोल्या, दोन शिक्षक. पहिली-दुसरी बाईंकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. बाई मेडशीलाच राहायच्या. त्यांचे यजमान वासुदेवराव एसटीत चालक होते, नुकतेच निवृत्त झालेले. मी रिठदचा, मेडशीला खोली घेऊन राहत होतो, म्हणून पहिल्याच आठवड्यात असं ठरलं की बाईंनी माझ्या मोटरसायकलवर मागे बसून यायचं. त्यामुळे बाई मला वर्गात कळल्या त्याहून जास्त रस्त्यावर कळल्या.

रस्त्यावर बाई वाचत. जे दिसेल ते. भिंतीवरची खताची जाहिरात, ट्रॉलीच्या मागचं 'आईवडिलांचा आशीर्वाद', कुणाच्या वाढदिवसाच्या फलकावरची सगळी नावं, पुलावरचा गाडी सावकाश चालवण्याचा इशारा. मोठ्यानं नाही, पुटपुटल्यासारखं. एखाद्यानं 'शुभेच्छुक'मधलं च्छ चुकवलं असेल तर बाई जसं लिहिलंय तसंच वाचत आणि मग मागच्या मागे हसत.

ही खोड त्यांच्या वडिलांची. मंगरूळपीरला ते हमाली करत. मोठेपणी, अंगात ताकद होती त्या वयात, ते विहारात लहान पोरांच्या रांगेत बसून अक्षरं शिकले. मग रस्त्यानं चालताना प्रत्येक दुकानाची पाटी वाचल्याशिवाय ते पुढे जात नसत. बाजारातून घरी यायला जो वेळ लागे त्यानं लहानगी रत्नमाला, म्हणजे आमच्या बाई, कंटाळून रडकुंडीला येई. "बाबा, मले पाठ हाये सगळ्या पाट्या, मी सांगतो, चाल न घरी," ती म्हणे. आणि वडील म्हणत, "तुले पाठ हाये म्हनूनच तू नको सांगू. अंदाजानं वाचनारा मानूस दुसऱ्याच्या अंगठ्यावर जगते."

हे वाक्य बाईंनी मला चालत्या गाडीवर सांगितलं होतं. वारा होता, मला नीट ऐकू आलं नाही, तर त्यांनी ते पुन्हा सांगितलं.

वर्गात त्यांचा आवाज फार हलका. इतका हलका की पोरं गप्प झाल्याशिवाय ऐकूच येत नसे, म्हणून पोरं गप्प होत. त्या अ-आ-इ या क्रमानं कधी शिकवत नसत. पहिले दोन-तीन आठवडे तर फळ्यावर एक अक्षरही नसे. नुसतं ऐकायचं. "माठ. सुरवातीले काय आयकू आलं? शेवटाले काय उरलं?" पोरं डोळे मिटून सांगत. "आधी कानानं तोडा, मंग डोयानं जोडा," हे त्यांचं म्हणणं. त्यांच्या पिशवीत एक लहान आरसा असे. प आणि ब म्हणताना ओठ काय करतात ते पोरांनी त्यात पाहायचं. आणि कागदाची एक चिठी. तोंडासमोर धरून प म्हटलं तर ती जराशी हलायची, फ म्हटलं की चांगलीच उडायची. आमच्याकडच्या पोरांच्या बोलण्यातून ह हळूच निसटतो, आमी, तुमी, म्हणून ती चिठी उडवण्यात पोरांना फार मजा वाटे.

एकदा तपासणीला साहेब आले. फळ्यावर बाईंनी लिहिलं होतं, 'मले शाया आवडते' आणि त्याच्या खाली, 'मला शाळा आवडते.'

"हे काय, बाई? वरचं अशुद्ध आहे," साहेब म्हणाले.

"वरचं पोरीनं सांगितलेलं हाये, साहेब. तिच्या तोंडातलं फळ्यावर आलं, म्हनून तिनं ते वाचलं. मंग खालचं वाचलं. आधी खालचंच लिहिलं असतं त तिनं पाठ केलं असतं."

साहेबांनी शेऱ्याची वही मागवली. शेरा काय लिहिला ते मला माहीत नाही.

ती पोरगी मुस्कान. गावात वेल्डिंगचं दुकान असलेल्या जब्बारभाईंची. घरात बोलतात ती भाषा वेगळी, शाळेत वेगळी, त्यामुळे पहिलीत आली तेव्हा फार बावरलेली होती. पण हुशार. शब्द आला नाही की ती पुस्तकाकडे बघत नसे, बाईंच्या तोंडाकडे बघे. बाईंच्या भुवया जराशा वर गेल्या की शब्द बदले, बाई हसल्या की तोच पक्का करी. असं करून ती निम्मं पुस्तक वाचून काढत असे.

बाईंच्या हे लक्षात आलं तेव्हा त्यांनी पदर तोंडावर ओढून घेतला. "माह्या तोंडावर काही लिहेल नाही, मुस्कान. पाहून नको, वाचून सांग." पुढे कितीतरी दिवस मुस्कान वाचत असताना बाई पदर ओढूनच बसत. पोरगी हळूहळू अक्षराखाली बोट धरायला शिकली आणि एकदा शिकली ती शिकलीच. दुसरीत गेल्यावर तिला फसवणं अशक्य झालं. कुणी अंदाजानं वाचलं की ती मान वर न करता म्हणे, "पाहून सांगितलं."

वर्गात सगळ्या वस्तूंवर बाईंच्या हाताच्या पट्ट्या चिकटवलेल्या होत्या. दार, खिडकी, माठ, खडू. कपाटात औषधाची एक पेटी होती. तापाच्या औषधाच्या बाटलीवर 'ताप' आणि आरोग्य शिबिरातून मिळालेल्या, केसांना लावायच्या औषधावर 'उवा'. दोन्ही बाटल्या पांढऱ्या, झाकणं सारखीच. अक्षर असं वळणदार की छापल्यासारखं वाटे.

मग ती दिवाळी आली.

सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी बाई गाडीवर मागे बसल्या आणि शाळा येईपर्यंत काही बोलल्या नाहीत. तुरीला फुलं धरली होती, सोयाबीन निघून गेलेली रानं मोकळी पडली होती. मला वाटलं, सुट्टीचा थकवा असेल. दुसऱ्या दिवशीही तेच. पुलावरचा इशारा मागे गेला, भिंतीवरची जाहिरात मागे गेली, मागच्या सीटवरून आवाज नाही.

"बाई, तब्येत बरी आहे न?"

"बरी हाये. भाऊबीजेले डोकं दुखलं होतं जरासं. चष्म्याचा नंबर बदलला वाटते."

त्यांनी चष्मा बदलला. महिन्याभरात पुन्हा बदलला.

यानंतरच्या काही महिन्यांत मी जे पाहिलं त्यातल्या एकाही गोष्टीनं मला त्या वेळी भीती वाटली नाही. म्हणून आता त्या आठवताना जास्त वाटते.

बाईंनी उजव्या भिंतीकडची रांग उठवून पोरांना डावीकडे बसवलं. "तिकडे ऊन येते," म्हणाल्या. दारातून आत येताना त्यांचा उजवा खांदा चौकटीला लागायचा आणि त्या खांदा चोळत पुढे जायच्या. हजेरी पूर्वीसारखीच खाली मान घालून घेत, नावं भरभर येत. पण त्याच दिवसांत वीटभट्टीवर आलेल्या कुटुंबातली एक पोरगी नव्यानं दाखल झाली होती. तिचं नाव त्यांनी कधीच घेतलं नाही. ती रोज शेवटपर्यंत वाट बघे आणि मग स्वतःच "हजर" म्हणे. मी बाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "अरे हो. नवीन हाये न ते."

कार्यालयाचं पत्र आलं की बाई ते पोरांपुढे धरत. "चला, कोन वाचते?" दुसरीची पोरं 'उपरोक्त विषयान्वये' यासारखे शब्द फोडून फोडून वाचत आणि बाई मान हलवत ऐकत. मला ही कल्पना इतकी आवडली की माझ्या वर्गातही मी सुरू केली. फोनवर त्यांना काही लिहून पाठवलं तर उत्तर येईना. मग एक दिवस म्हणाल्या, "सर, मले लिहून नका पाठवत जाऊ. बोलूनच पाठवा. आवाज आयकला का बरं वाटते."

मी बोलून पाठवू लागलो.

त्या दिवसांत एकदा मधल्या सुट्टीत मुस्कान माझ्या खोलीच्या दाराशी येऊन उभी राहिली. काही सांगायचं असलं की ती ओढणीचं टोक पिळत असे.

"काय झालं गं?"

"सर, बाई आमच्या तोंडाकडे पाहून सांगतात."

"म्हणजे?"

"मी चूक वाचलं, जानूनबुजून. त बाई हो म्हनल्या. मंग मी हसली, त मंग नाही म्हनल्या."

मी तिला म्हणालो, बाई तुझी गंमत करत असतील. ती निघून गेली. मात्र तिला माझं म्हणणं पटलं नव्हतं, हे तिच्या चालण्यावरून दिसत होतं.

त्यानंतर लवकरच ती बाटलीची गोष्ट घडली. पहिलीतल्या पूजाला वर्गातच ताप भरला. घरी कुणी नव्हतं, आई शेतातल्या कामावरून यायला वेळ होता. मी खडू मागायला म्हणून बाईंच्या वर्गाच्या दारात उभा होतो. मुस्काननं पूजाला धरून बसवलं होतं. बाईंनी कपाट उघडलं, पेटीतली बाटली घेतली, झाकणात औषध ओतलं आणि पूजाच्या तोंडाजवळ नेलं. पूजानं तोंड उघडलं.

"बाई," मुस्कान म्हणाली, "याच्यावर उवा लिहेल हाये."

बाईंचा हात थांबला. त्यांनी बाटली डोळ्यांजवळ नेली, मग लांब धरली.

"ताप लिहेल हाये, बेटा."

मुस्काननं बाईंच्या तोंडाकडे बघितलं नाही. तिनं बाटलीवरच्या पट्टीखाली बोट ठेवलं. "उ. वा. उवा."

वर्गातली सगळी पोरं बघत होती. बाईंच्या हातातलं झाकण कलंडलं आणि औषध पूजाच्या फ्रॉकवर सांडलं. मी पुढे होऊन बाटली काढून घेतली. 'उवा'च होतं. बाईंच्याच हाताचं, वळणदार.

तापाचं औषध मी दिलं. बाई खुर्चीवर बसल्या त्या शाळा सुटेपर्यंत उठल्या नाहीत. मुस्काननं पोरांना गोष्ट वाचून दाखवली.

शाळा सुटल्यावर मी गाडी काढली नाही. बाई ओट्यावर बसल्या होत्या. त्यांनी मला आतून मुलांची एक पाटी आणायला सांगितली आणि तिच्यावर खडूनं झरझर काहीतरी लिहिलं. मग पाटी माझ्याकडे वळवली.

"हे काय लिहेल हाये, सर?"

"रत्नमाला," मी म्हणालो.

"मले माहीत हाये मी काय लिहिलं. म्हनून सांगता येते." त्यांनी पाटी स्वतःकडे फिरवली आणि बराच वेळ तिच्याकडे बघत राहिल्या. "पन वाचता येत नाही. हात लिहिते. डोया वाचत नाही. रेघा दिसतात, काने दिसतात, सारं दिसते. बोलत नाहीत ते."

"कधीपासून?"

"भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी पेपर हाती घेतला. मले वाटलं, दुसऱ्या कोन्या भाषेचा पेपर टाकून गेला पोट्टा."

"वासुदेवरावांना सांगितलं?"

"यायलेबी नाही. कोनालेच नाही."

"काहून, बाई?"

त्यांनी पाटी पदरानं पुसली. "वाचन शिकवनारी बाई अन् तिले वाचता येत नाही. कोन्या तोंडानं सांगू? मले वाटलं जाईल निघून. रोज सकाळी उठून पाहो. रोज वाटे, आज येईल." मग हळूच म्हणाल्या, "आज पोरीच्या पोटात गेलं असतं ते."

त्या दिवशी गाडीवर त्यांनी माझा खांदा घट्ट धरला होता. यापूर्वी कधी धरत नसत.

वासुदेवरावांनी त्यांना अकोल्याला नेलं. मीही गेलो. डॉक्टर तरुण होता, बोलायला मऊ. त्यानं बाईंना समोर बघायला सांगून आपलं बोट उजवीकडून हळूहळू आत आणलं. बोट जवळजवळ नाकासमोर येईपर्यंत बाईंना दिसलं नाही. मग मेंदूचा फोटो निघाला. त्यानं तो उजेडावर धरला आणि मागच्या बाजूचा एक काळसर भाग दाखवला. डोळे चांगले आहेत, तो म्हणाला, पण मेंदूच्या या भागाला रक्त पोचलं नाही. बाईंचा रक्तदाब फार वाढलेला होता. कधीपासून, ते कुणालाच माहीत नव्हतं, कारण कधी कुणी मोजलाच नव्हता.

"पुन्हा शिकता येईल का?" बाईंनी विचारलं.

"काहींना जमतं. एक एक अक्षर. बोटानं गिरवत वाचून बघा. डोळ्याला जे कळत नाही ते कधी कधी हाताला कळतं. पण पूर्वीसारखं होईलच असं नाही."

बाईंना बाहेर बसवून त्यानं वासुदेवरावांना पुन्हा आत बोलावलं. मी बाईंजवळ बसलो. वासुदेवराव बाहेर आले तेव्हा त्यांनी एवढंच सांगितलं की गोळ्या रोज घ्यायच्या आहेत, चुकवायच्या नाहीत. आयुष्यभर घाटरस्त्यात बस चालवलेला माणूस, पण जिन्याच्या कठड्याला धरून उतरत होता.

रजा संपवून बाई परत आल्या. वर्ग मात्र त्यांनी घेतला नाही. "चारी वर्ग तुमीच घ्या थोडे दिवस," मला म्हणाल्या. पोरं माझ्या खोलीत बसली आणि बाई आपल्या रिकाम्या वर्गात पहिलीचं पुस्तक घेऊन बसल्या. मधली भिंत पातळ. मी फळ्यावर गुणाकार मांडत असे आणि पलीकडून बाईंचा आवाज येत असे. "क." मग बराच वेळ काही नाही. "म." पुन्हा शांतता. त्या शांततेत पोरांचे खडू थांबत. कितीदा तरी बाई तिसऱ्या अक्षरावर पोचेपर्यंत पहिलं विसरून जात आणि पुन्हा मुळापासून सुरुवात करत.

"बाई पहिलीत गेल्या का, सर?" एकदा ओमनं विचारलं. कुणी हसलं नाही.

मी मधल्या सुट्टीत डोकावलो की त्या अक्षरावरून बोट फिरवत असलेल्या दिसत. डोळे मिटून. बोटाला वळण समजलं की ओठांवर आवाज यायचा. एका दुपारी त्यांनी पहिल्या धड्यातलं एक पूर्ण वाक्य वाचून काढलं आणि मला हाक मारली. घामानं त्यांचा चेहरा डबडबला होता. मी बरं वाटून काही बोलणार, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "इतक्या पोरायले म्या सांगितलं, घाबरू नका, एक एक अक्षर जोडा. ते काहून घाबरतात हे मले आता समजलं. शब्द समोर असते अन् आपन भाईर असतो. बंद दारासारखं. अन् सगळे आतमधी असतात."

त्या वाक्यानंतर त्यांनी आणखी काही वाक्यं वाचली. पण उन्हाळ्याकडे एक दिवस असा आला की जे अक्षर काल येत होतं ते आज येईना. त्या दिवशी पलीकडून आवाजच आला नाही. मी गेलो तेव्हा पुस्तक मिटलेलं होतं आणि त्या खिडकीबाहेर बघत होत्या.

"सर, माह्या हाती आता पोरं देऊ नका," त्या म्हणाल्या. "मले वाचता येईल का नाही ते पाहू पुढे. पन अंदाजानं चालनाऱ्याच्या हाती पोरं देऊ नये."

"बाई, बाकी सगळं तर येतं तुम्हाला. शिकवणं तोंडी असतंच निम्मं."

"निम्मं नाही चालत."

स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज त्यांनी स्वतः लिहिला. माझ्या टेबलाजवळ उभं राहून, एका दमात, खाडाखोड न करता. मग तो माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "वाचून दाखवा. काही सुटलं असल त सांगा." मी वाचून दाखवला. काही सुटलं नव्हतं.

शेवटच्या दिवशी कार्यक्रम नको म्हणाल्या. पोरांना एकेकाला जवळ घेतलं. मुस्कानची पाळी आली तेव्हा ती पोरगी रडत होती. तिला वाटत होतं की त्या दिवशी तिनं सांगितलं म्हणून बाई जात आहेत. बाईंनी तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं. "तू वाचलं, म्हनून पूजा वाचली," म्हणाल्या. वर्गात पहिल्यांदाच त्यांचा आवाज मोठा झाला होता.

मुस्कान आता माझ्याकडे तिसरीत आहे. वर्गातल्या वस्तूंवरच्या पट्ट्या पावसाच्या ओलीनं सुटायला लागल्या होत्या, त्या तिनं डिंकानं पुन्हा चिकटवल्या.

मी बाईंना शेवटचं पाहिलं ते या पोळ्याच्या सुमारास. शाळेतून येताना त्यांच्या घरी डोकावलो. बाई अंगणात खाटेवर बसल्या होत्या. बारीक झाल्या होत्या. पोरांचं विचारलं, ओमचं विचारलं, वीटभट्टीवरच्या त्या पोरीचं विचारलं. तिचं नाव त्यांना आता येत होतं. पुस्तकाचा विषय त्यांनी काढला नाही आणि मीही काढला नाही. बोलता बोलता मध्येच त्या एखाद्या साध्या शब्दाशी थांबत. चहाच्या कपाकडे बोट दाखवून "ते... ते घ्या न," म्हणाल्या. मी कप घेतला.

वासुदेवराव मला फाटकापर्यंत सोडायला आले. फाटकाबाहेर, रस्त्याच्या कडेला येऊन ते हळू आवाजात म्हणाले, "अकोल्याच्या डॉक्टरनं तवाच सांगितलं होतं मले. अजून एक झटका येईल म्हने. तिले सांगितलं नाही म्या. गेल्या पंधरवड्यापासून बोलताना अडून राह्यली. तुमाले जानवलं न?"

"उद्याच अकोल्याला नेऊ," मी म्हणालो.

"उद्या नेतो."

तेवढ्यात बाई मागून फाटकात आल्या. "काय सांगून राह्यले हे?"

"काही नाही, बाई. पाऊस नाही म्हणत होते."

"बरं," त्या म्हणाल्या. माझ्याकडे बघण्यासाठी त्यांना पूर्ण मान वळवावी लागली. मग मला निरोप द्यायला म्हणून त्या रस्त्यावर उतरल्या. उजवीकडून एक बॅटरीवरची स्कूटर येत होती, आवाज नसलेली. वासुदेवरावांनी दंडाला धरून त्यांना मागे ओढलं. स्कूटर बाईंच्या पदराला घासून पुढे गेली. चालवणाऱ्या पोरानं वळूनही पाहिलं नाही.

बाई दचकल्या. रिकाम्या रस्त्याकडे बघत त्यांनी विचारलं, "काय गेलं?"

"काही नाही," वासुदेवराव म्हणाले. "तू आत चाल."

मी गाडी सुरू केली. वळणावर मागे पाहिलं तर दोघं अजून फाटकातच होते. त्यांनी बाईंचा दंड सोडलेला नव्हता आणि बाई डावीकडे बघत होत्या, ज्या बाजूला मी नव्हतो.